खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय आणि काटेरी केंड मासा : एक ऐतिहासिक अभ्यास (कळंब परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

घरात काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस महाराष्ट्रातील लहान शहरांना आता नवी राहिलेली नाही. गोल्डफिश, गप्पी, एंजल यांसारखे गोड्या पाण्यातील मासे तालुक्याच्या गावीही विकत मिळतात. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हे मात्र निराळे प्रकरण आहे. तेथे मासा पाळण्यापूर्वी समुद्र पाळावा लागतो. या हौसेतील माशांपैकी काटेरी केंड हा विशेष लोकप्रिय आहे. मोठे डोळे, माणसाकडे पाहत काचेशी येण्याची सवय आणि संकटसमयी फुगून अंगावरचे काटे ताठ करण्याचे कसब यांमुळे तो पाहणाऱ्याला चटकन लळा लावतो.

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा इतिहास बहुधा शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. अमक्याने कृत्रिम समुद्रजल तयार केले, तमक्याने पाणी खेळते ठेवण्याची युक्ती काढली, असे त्याचे स्वरूप असते. तोच इतिहास अंतराचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. समुद्र आणि घर यांमधील अंतर कमी करणाऱ्या प्रत्येक युक्तीची किंमत कोणीतरी, कोठेतरी चुकती केली आहे. कधी मोलकरणीच्या श्रमांनी, कधी किनाऱ्याच्या विध्वंसाने, तर कधी गोड्या पाण्याने. समुद्रापासून सरळ रेषेतही ३०० किलोमीटरहून अधिक दूर, मांजरेच्या काठी वसलेल्या धाराशिव जिल्ह्यातील कळंबसारख्या गावी उभे राहून पाहिले असता हा हिशेब अधिक स्पष्ट दिसतो. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने विचार केला आहे.

कळंब परिसर आणि समुद्र

हा प्रदेश समुद्राला अगदीच अपरिचित होता असे म्हणता येत नाही. धाराशिव जिल्ह्यातीलच तेर म्हणजे प्राचीन तगर, ही जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलेली निश्चिती आज सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. तगरहून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या मालात जाडेभरडे कापड व मलमल यांबरोबरच समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला आलेल्या जिनसांचाही उल्लेख येतो. तेरच्या उत्खननांत शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र येथे येत होता, पण निर्जीव रूपात : शंख, शिंपले आणि अर्थात मीठ. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर आणणाऱ्या लमाणांचे नावच 'लवण' या शब्दावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती मान्य असो वा नसो, मिठाचे तांडे या भागातून शतकानुशतके फिरले यात शंका नाही.

जिवंत मासे पाळण्याच्या परंपरेचा एक धागाही याच भूभागाशी जोडता येतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११२९ ते ११३१ या काळात रचलेला 'मानसोल्लास' मराठीच्या अभ्यासकांना त्यातील मराठी पदांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद हा एक भाग आहे. समुद्रातील व नदीतील मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व मोठे असे वर्गीकरण करून कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे हे राजाने तपशिलाने नोंदविले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ च्या सुमारास त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. राजाचा हा विनोद अखेर गळ टाकून मासा खेळवत बाहेर काढण्यात संपतो, हे विसरता येत नाही. माशाला प्रेमाने खाऊ घालणे आणि त्याला आपल्या करमणुकीचे साधन बनविणे या दोन गोष्टी तेव्हाही एकाच हाताने होत होत्या.

पुढील काळात या भागाचा समुद्राशी असलेला संबंध आणखी क्षीण झाला. कळंब हैदराबाद संस्थानात होते आणि त्या संस्थानाला स्वतःचा समुद्रकिनारा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेव्हा कोठे कळंबला राज्यापुरता का होईना किनारा लाभला. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले त्या १९५१ साली येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते दुसऱ्या राज्यातील दृश्य होते.

माशाची ओळख

कोकण किनाऱ्यावर फुगणाऱ्या माशाला केंड म्हणतात. जाळ्यात मोठ्या संख्येने आला तर मच्छीमार वैतागतात, कारण तो जाळी कुरतडतो व त्याला बाजारात किंमत नाही. त्याचा काटेरी भाऊबंद तो काटेरी केंड. साळिंदर मासा असेही त्याला म्हणता येईल. तो डायोडाँटिडी कुलातील आहे. लिनीयसने १७५८ मध्ये त्याच्या दोन प्रमुख जातींना डायोडॉन हिस्ट्रिक्स व डायोडॉन होलोकँथस अशी नावे दिली. 'डायोडॉन' म्हणजे दोन दातांचा. वरच्या व खालच्या जबड्यातील दात जुळून प्रत्येकी एक पट्टी बनलेली असते आणि ही चोच आयुष्यभर वाढत राहते. समुद्रात शिंपले, खेकडे, गोगलगायी फोडताना ती आपोआप झिजते. हिस्ट्रिक्स जातीचा मासा ९० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, होलोकँथस त्याहून बराच लहान राहतो. म्हणूनच घरगुती टाकीसाठी दुसऱ्याला पसंती मिळते.

या माशाचे एक संस्मरणीय वर्णन चार्ल्स डार्विनने केले आहे. १८३२ साली ब्राझीलमधील बाहिया येथे किनाऱ्याजवळ पकडलेला एक डायोडॉन त्याने काही काळ निरखला. तो पाणी व हवा घेऊन चेंडूसारखा कसा फुगतो, उताणा तरंगतानाही छातीच्या परांनी कसा पुढे सरकतो, तोंडातून पाणी कसे जोराने फेकतो, हे त्याने टिपले. माशाच्या पोटाच्या कातडीतून पाझरणाऱ्या गडद तांबड्या द्रवाने कागदावर व हस्तिदंतावर न पुसणारा डाग पडतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. फॉरेस येथील डॉ. अॅलन यांच्या हवाल्याने त्याने एक विलक्षण गोष्ट नोंदविली आहे : शार्कने गिळलेला डायोडॉन तिच्या पोटात जिवंत आढळला असून काही वेळा तो शार्कचे पोट कुरतडून बाहेरही पडला आहे. डार्विनने हे स्वतः पाहिलेले नव्हते. तरीही पुढील दीडशे वर्षे या माशाची लोकमानसातील प्रतिमा घडली ती अशा गोष्टींतूनच. पॅसिफिक महासागरातील किरिबाटी बेटांवर योद्धे त्याच्या फुगवून वाळविलेल्या कातड्याची शिरस्त्राणे घालीत. ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. किनाऱ्यावरील पर्यटनस्थळी फुगवून वाळविलेले मासे शोभेच्या वस्तू म्हणून विकले गेले.

फुगणे हा या माशाचा खेळ नव्हे. पाणी गिळून जठर ताणणे ही त्याची शेवटची संरक्षणयुक्ती होय. त्यासाठी त्याच्या शरीरात बरगड्या उरलेल्या नाहीत आणि जठराने पचनाचे काम जवळजवळ सोडून दिले आहे. एरवी तो दिवसा कपारीत विसावतो आणि रात्री भक्ष्य शोधतो. पाण्याबाहेर काढलेला मासा हवा गिळून फुगला, तर ती हवा बाहेर टाकणे त्याला जड जाते व त्यात तो दगावू शकतो. पाहुण्यांना गंमत दाखविण्यासाठी त्याला डिवचणारा पाळणारा नेमके काय पाहतो आहे, याचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

काचेतील समुद्राची वाटचाल

सागरी जीव काचेच्या टाकीत ठेवून अभ्यासण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जान व्हिलप्रू-पॉवर या विदुषीने १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे केला. समुद्र तिच्या दाराशी होता. खरी अडचण पुढे लंडनमध्ये आली. १८४६ साली अॅना थिन हिने टॉर्की येथील समुद्रातील प्रवाळ एका भांड्यातून लंडनला आणले आणि ते सुमारे तीन वर्षे जगविले. पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतले जाई. हे काम घरातील मोलकरीण करीत असे. मत्स्यालयाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव राहिले. आजच्या विद्युत पंपाचे काम जिच्या हातांनी केले तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने वनस्पती व प्राणी यांच्या परस्परपूरक समतोलाचे तत्त्व लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने या छंदाची लाट आणली. त्याच वर्षी गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार ठरावीक प्रमाणात गोड्या पाण्यात मिसळायचे, एवढीच ती कृती. येथे एक मूलभूत बदल घडला. तोवर समुद्रापासून दूर राहणाऱ्याला समुद्राचे पाणी वाहून आणावे लागे. आता गोडे पाणी आणि मिठाची पुडी पुरेशी झाली. लमाणांच्या बैलांनी जे वाहिले तेच, पण वेगळ्या हेतूने.

या छंदाचा किनाऱ्यावर झालेला परिणाम गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या आत्मपर ग्रंथात खेदाने नोंदविला. वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या संग्राहकांच्या झुंडींनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांमधील जीवसृष्टीने भरलेली डबकी ओरबाडून रिकामी केली. निसर्गप्रेमाने लिहिलेल्या पुस्तकातून निसर्गाची लूट व्हावी, हा विरोधाभास आजही जुना झालेला नाही.

त्यानंतरची प्रगती थोडक्यात सांगता येईल. विल्यम अॅल्फर्ड लॉइडने १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा तळघरात, अंधारात ठेवून पाणी अखंड खेळते राखले. सर्जी विनोग्राडस्कीने १८९० मध्ये नायट्रीभवन करणारे जिवाणू वेगळे केले. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून निघणारा विषारी अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. आजच्या प्रत्येक गाळणीचे काम यावरच चालते. १९६० च्या दशकात तयार सागरी क्षारांची पाकिटे बाजारात आली. प्राणवायू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि जेट विमान यांनी उष्ण कटिबंधातील मासा एका दिवसात कोणत्याही खंडात पोहोचविला. त्याच दशकात फिलिपिन्समध्ये शोभिवंत मासे धरण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारण्याची पद्धत सुरू झाली. गुंगी आलेला मासा हाती लागतो, प्रवाळ मरतो, आणि मासाही अनेकदा काही दिवसांनी खरेदीदाराच्या घरी मरतो. विदूषक माशासारख्या काही जातींची पैदास बंदिस्त जागेत होऊ लागली. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यात यश मिळविले. काटेरी केंड मात्र अजून मुख्यत्वे समुद्रातूनच धरून आणला जातो. टाकीतील असा जवळजवळ प्रत्येक मासा समुद्रातून एक मासा कमी करून आलेला असतो.

भारतातील परंपरा किनाऱ्याचीच

भारतातील पहिले सागरी मत्स्यालय मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले. मुंबईत डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिलेल्या २ लाख रुपयांच्या देणगीच्या साहाय्याने मरीन ड्राइव्हवर उभे राहिलेले मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते नव्या रूपात पुन्हा उघडले. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राने १९५८ पासून संग्रहालय व मत्स्यालयाची जोड देऊन अध्यापनाचे मोठे काम केले. ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांच्या सहली दीर्घकाळ याच वाटेने गेल्या. ही सर्व ठिकाणे समुद्राला लागून आहेत, हा योगायोग नव्हे. सार्वजनिक संस्थांनी मासा समुद्रापासून दूर नेण्याऐवजी प्रेक्षकाला समुद्राजवळ बोलावले.

घरगुती छंदाने ही मर्यादा ओलांडली. कायद्याने त्यावर काही बंधने घातली आहेत. २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूचीत प्रवाळ व समुद्रघोडे यांचा समावेश झाल्याने ते धरणे वा बाळगणे गुन्हा ठरले. काटेरी केंड त्या यादीत नाही. तो पाळावा की नाही हा प्रश्न त्यामुळे कायद्याकडून पाळणाऱ्याच्या विवेकाकडे येतो.

मांजरेकाठचा हिशेब

होलोकँथस जातीच्या एका प्रौढ माशाला किमान ५०० लिटरची टाकी हवी, असे अनुभवी पाळणारे मानतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी एकदा भरावयाची तर साडेसतरा किलो सागरी क्षार लागतात. कूपनलिकेचे जड पाणी त्यासाठी चालत नाही, ते आरओ यंत्रातून काढावे लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जाते असे धरले, तर ५०० लिटरसाठी २००० लिटर पाणी खर्ची पडते. टंचाईच्या काळात शासकीय टँकरचा निकष दरडोई दररोज २० लिटर असा आहे. त्या मापाने हे पाणी पाच माणसांच्या कुटुंबाचे वीस दिवसांचे होते. यंत्रातून वाया गेलेले पाणी भांडी घासण्यास वापरता येते, हे खरे. पण ते तसे वापरण्याची शिस्त सर्वत्र असतेच असे नाही.

हा खर्च एकदाच होऊन थांबत नाही. केंड हा खादाड व सांडउष्टे करणारा मासा आहे. कवचासह कोळंबी, शिंपले, खेकडे यांचे तुकडे तो चोचीने फोडतो आणि अर्धे पाण्यात विखुरतो. कवचाचे अन्न न मिळाल्यास चोच वाढून तोंड मिटेनासे होते आणि ती कापून काढण्याची पाळी येते. महिन्याला टाकीचा पाचवा हिस्सा बदलावयाचा म्हटले तरी १०० लिटर पाणी व साडेतीन किलो क्षार लागतात. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात. म्हणून रोज गोड्या पाण्याचीच भर घालावी लागते. पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात ही भर वाढते आणि पाणी २५ ते २७ अंशांवर राखण्यासाठी शीतयंत्र अहोरात्र चालावे लागते. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवलेले भारनियमन आठवले, तर पंप थांबल्यावर ५०० लिटर पाण्यातील प्राणवायू किती वेळ पुरेल, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

काढून टाकलेल्या खाऱ्या पाण्याचे काय होते, याची चर्चा या छंदावरील लेखनात क्वचितच आढळते. इंग्लंडमधील वा अमेरिकेतील किनारी शहरात ते गटारात सोडले तरी अखेर समुद्रालाच मिळते. कळंबमध्ये ते परसात, नाल्यात किंवा काळ्या जमिनीत मुरते. वर्षाकाठी ४२ किलो क्षार ही एका घरापुरती मोठी राशी नसेल; पण चोपण झालेली जमीन पुन्हा वहितीखाली आणण्यासाठी काय करावे लागते, हे येथील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको.

२०१६ चा उन्हाळा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. कळंबच्या शेजारी धनेगाव येथे असलेला मांजरा प्रकल्प कोरडा पडला. त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. अशा एखाद्या उन्हाळ्यात कळंबच्या घरात काटेरी केंड असेल, तर तो पाळणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : टँकरचे पाणी माशाला द्यावे, नाही तर मासा मरू द्यावा. तिसरा मार्ग बहुतेकांना सुचतो तो सोडून देण्याचा. आणि येथेच अंतर पुन्हा आडवे येते. मांजरेच्या गोड्या पाण्यात हा मासा जगू शकत नाही. किनाऱ्यावर नेऊन सोडावा, तर तो मूळचा ज्या समुद्रातला होता तो हाच असेल याची खात्री नसते, आणि टाकीतील रोगजंतू समुद्रातील माशांत जाण्याचा धोका राहतो. नीट पाळल्यास हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. १९७२ नंतर मराठवाड्याने पाहिलेल्या दुष्काळांची वर्षे मोजली, तर कोणत्याही सलग दहा वर्षांत असा एखादा तरी उन्हाळा येतोच.